हरणं आणायची तर पेरायचं की मका ओतायचा?

ऑक्टोबर लागला की मला दोन-तीन फोन हमखास येतात, नवीन नवीन शिकारीचं लायसन्स काढलेली आपली मराठी पोरं असतात, आणि प्रश्न ठरलेला, दादा ते गॅस स्टेशनबाहेर गाजराच्या नि मक्याच्या बॅगा रचून ठेवलेल्या असतात त्यातल्या किती घेऊ. मी म्हणतो आधी रान कुठल्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे ते सांग, मग बॅगेचं बोलू. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

माझं सांगतो. मी राहतो डेट्रॉईटच्या पश्चिमेला, नोकरी गाड्यांच्या धंद्यातली, आणि एका मित्राबरोबर भागीत २० एकर रान घेतलंय तीन तास उत्तरेला, मिशिगनच्या लोअर पेनिन्सुलाच्या (राज्याचे दोन तुकडे आहेत, त्यातला दक्षिणेकडचा; उत्तरेकडचा तो अप्पर) वरच्या अंगाला. रान म्हणजे ओक, थोडी पाइनं, मध्ये जुनी गवताची मोकळी जागा आणि खाली वाळू. नुसती वाळू राव. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून फार लांब नाही, तिथं आजोबा माळ्यावर बसून ज्वारी राखायचे की हरणं पिकात शिरू नयेत, आणि मी इथे कर्ज काढून हरणांनी यावं म्हणून पेरतोय, हे ऐकून अप्पा (वडील) किती दिवस हसत होते विचारू नका. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंदच आहे आणि ते बरंच आहे, त्यामुळे हे सगळं फक्त इथल्या व्हाइटटेल हरणाबद्दल, इथल्या कायद्यात बसून.

दोन शब्द आधी क्लिअर करतो. बेट म्हणजे तुम्ही बाहेरून आणून टाकलेलं खाणं, मका, गाजर, शुगर बीट, सफरचंद, मीठ किंवा मिनरलचा ठोकळा, काहीही. फूड प्लॉट म्हणजे जमिनीत पेरून उगवलेलं, हरणाने उभं पीक खायचं. आता गंमत बघा, तुमच्या रानात सफरचंदाचं झाड आहे आणि फळं आपोआप खाली पडली तर ते बेट नाही, पण तीच फळं तुम्ही गोळा करून स्टँडसमोर (शिकारीला बसायच्या मचाणासमोर) ढीग घातला की झालं बेट. तसंच प्लॉटमध्ये वरून बादलीभर मका ओतला की कायद्याच्या नजरेत तो प्लॉट उरत नाही. ही चूक लोक फार करतात, म्हणतात थोडासाच टाकला हो. थोडासा वगैरे काही नसतं.

आधी कायदा, नंतर बियाणं

आमच्या मिशिगनमध्ये लोअर पेनिन्सुलात ३१ जानेवारी २०१९ पासून बेट टाकायला आणि हरणांना खायला घालायला बंदी आली, अपंग शिकाऱ्यांसाठीच्या खास हंटमध्ये थोडी सवलत आहे तेवढीच. वर अप्पर पेनिन्सुलात चालतं, पण एका जागी एका वेळेला २ गॅलनच्या वर नाही, तेही १० बाय १० फुटात पसरून, ढीग नाही, आणि १५ सप्टेंबर ते १ जानेवारी एवढ्याच काळात. २ गॅलन म्हणजे ५ गॅलनची बादली निम्मीसुद्धा भरत नाही, हे लक्षात घ्या. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये काउंटी बघून, जिथे चालतं तिथेही २ गॅलनच. मिनेसोटा आणि आयोवात बेटवर शिकार बंद. इलिनॉयमध्ये बंद आणि वर असं की बेट उचलल्यानंतर पुढचे १० दिवस ती जागा बेट टाकलेलीच धरतात, म्हणजे मागच्या मालकाने मका टाकून ठेवला असेल तर तुम्ही अडकाल. ओहायोत खासगी रानात चालतं पण जिथे हरणांच्या रोगाची (त्याबद्दल पुढे सांगतो) पाहणी चालू आहे त्या भागात नाही. आणि टेक्सासात तर तीन पायांवर उभा टायमरवाला फीडर ही रोजची गोष्ट आहे, ठरल्या वेळेला चक्री फिरते आणि मका उडतो. तेव्हा यूट्यूबवर टेक्सासवाल्याचा व्हिडिओ बघून मिशिगनमध्ये फीडर लावू नका, आणि दर वर्षी त्या वर्षाचं नियमांचं पुस्तक बघा कारण रोग सापडला की एका काउंटीचा नियम रातोरात बदलतो.

जाता जाता व्हिसावाल्यांसाठी एक. एच-१बी वगैरेवर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही, चालू असलेलं हंटिंग लायसन्स हा त्याला अपवाद आहे, पण ऐकीव माहितीवर जाऊ नका, वकिलाला एकदा विचारा. धनुष्य किंवा क्रॉसबोचं ते लफडं नाही. आणि मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० ला किंवा नंतर जन्मलेल्याला हंटर सेफ्टीचा कोर्स करावाच लागतो, म्हणजे आपण सगळेच आलो.

बेट करतं काय

बेटबद्दल मी सोवळं नेसून बोलत नाही, मी स्वतः टाकलंय. अप्पर पेनिन्सुलात एका मित्राचा कॅम्प आहे, तिथे पहिल्या वर्षी आम्ही अगदी नियमात, २ गॅलन मका पसरून बसलो होतो. ट्रेल कॅमेऱ्यात, म्हणजे झाडाला बांधलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, आठवड्याभरात हरणांची जत्रा. चार माद्या, त्यांची पाडसं, दोन तरुण नर, आणि एक मोठा, आठ टोकांच्या शिंगांचा. आम्ही खूश. मग वेळा नीट बघितल्या तर मोठा नर रात्री साडेअकरा, रात्री दोन, पहाटे चार. उजेडात एकदाही नाही! पाच दिवस बसलो, उजेडात आल्या त्या माद्या, खारी आणि एक रॅकून जो अक्षरशः मांडी घालून जेवत होता.

यात हरणाची अक्कल आहे. ढीग एका ठिकाणी, माणसाचा वास दर दोन दिवसांनी त्याच वाटेने येतो कारण मका संपला की तुम्हालाच टाकायला जावं लागतं, मग मोठं हरिण शिकतं की इथे खाणं रात्री मिळतं आणि दिवसा धोका असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माजाचा काळ असतो तेव्हा नर माद्यांच्या मागे वेडे होऊन फिरतात आणि मका नरासाठी नसून माद्यांसाठी आहे असं धरलं तर बेटचा थोडा उपयोग होतो, एवढं मान्य करतो. शिवाय धनुष्याने नेम धरायचा तर हरिण ठरल्या जागी थांबतं हा फायदा खरा आहे, नवख्या माणसाचा बाण चुकीच्या जागी लागून जनावर हाल होऊन मरण्यापेक्षा ते बरं. आणि ज्याच्याकडे रान भाड्याचं आहे, ट्रॅक्टर नाही, कायदा परवानगी देतो, त्याने बेट टाकलं म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण रोगाचं प्रकरण आहे ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ईशान्य मिशिगनमध्ये १९९४ मध्ये एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गायीचा टीबी सापडला, आणि मग तपास केला तर तो रानातल्या हरणांमध्ये पसरलेलाच होता. अल्पेना, अल्कोना, मॉन्टमोरेन्सी, ऑस्कोडा या काउंट्या त्यासाठी आजही ओळखल्या जातात. कारणांत एक मोठं कारण हेच की लोक ट्रकभर गाजरं नि बीट ओतायचे, पन्नास हरणं एकाच ढिगात तोंड घालायची, एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडात. नंतर गुरांच्या गोठ्यांपर्यंत गेलं ते. दुसरा सीडब्ल्यूडी, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ ला सापडला, मिशिगनच्या मोकळ्या हरणांत २०१५ ला. हा जिवाणू-विषाणूचा रोग नाही, प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन असतं, त्यावर औषध नाही, लस नाही, आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे आज मका टाकलेली जागा उद्या साफ केली तरी माती तीच. आता कोणी म्हणेल प्लॉटमध्ये पण हरणं एकत्र येतातच की. येतात. पण अर्ध्या एकरात पानं कुरतडत फिरणं आणि परातीएवढ्या जागेत नाकाला नाक लावून खाणं यात फरक आहे, धोका शून्य नाही पण कमी.

तिसरं पोटाचं. हरिण रवंथ करणारं जनावर, चार कप्प्यांचं पोट, त्यात जे जंतू असतात ते ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात ते काड्या-डहाळ्या पचवायला तयार झालेले असतात, आणि कोणीतरी दया येऊन जानेवारीच्या बर्फात पोतंभर मका टाकतो. मग पोटात आम्ल होतं आणि भरल्या पोटी हरिण मरतं. गावाकडे गाय धान्याच्या पोत्यात तोंड घालून फुगून मेलेली ज्याने बघितली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय मका जुना, ओलसर असेल तर बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, ते हरणापेक्षा टर्की आणि लावे यांना जास्त बाधतं. जिथे बेट चालतं तिथे टाका, पण कोरडा मका, थोडा, पसरून, आणि हिवाळ्यात अचानक सुरू करू नका.

प्लॉट कुठे करायचा, हा खरा प्रश्न आहे

आता मुद्द्याचं. लोक बियाण्यावर डोकं खातात, शिंगांचा फोटो असलेली रंगीत पिशवी घेतात, आणि जागा निवडतात जिथे ट्रॅक्टर सहज जातो तिथे. मी पण तेच केलं होतं, रस्त्याकडेची मोकळी जागा, पीक झकास आलं आणि हरणं आली रात्री नऊनंतर, कारण गाड्यांचे दिवे दिसतात तिथे उजेडात कोण येणार.

आधी तीन गोष्टी शोधा. हरणं दिवसा झोपतात कुठे, वारा बहुतेक कुठून येतो, आणि तुम्ही कोणाला न कळता स्टँडपर्यंत जाणार कुठून. आमच्याकडे शरद ऋतूत वारा बहुतांशी पश्चिमेकडचा, म्हणून माझ्या रानात झोपायची दाट झाडी पश्चिमेला, मध्ये प्लॉट, पूर्वेच्या कडेला स्टँड. वारा हरणाकडून माझ्याकडे. वारा पूर्वेचा असेल त्या दिवशी मी तिथे बसतच नाही, घरी बसून चहा पितो, आणि हे पाळायला जो शिकला त्याचं निम्मं काम झालं. एक बारीक गोष्ट अजून, संध्याकाळी थंड झालेली हवा उताराने खाली जाते, त्यामुळे स्टँडच्या खाली ओघळ असेल तर तुमचा वास पाण्यासारखा त्यात वाहत जातो आणि खालून येणारं हरिण पाय आपटून निघून जातं.

आकार किती? आपल्या भाषेत सांगतो, एकर म्हणजे ४० गुंठे, तर शिकारीचा प्लॉट १० ते २० गुंठे पुरे. लांबट, मध्ये चिंचोळा, जमलं तर वाकडा, म्हणजे हरणाला सगळं एका नजरेत दिसत नाही आणि ते चालत चालत तुमच्या समोर येतं. चौकोनी फुटबॉलचं मैदान करू नका. सोयाबीन वगैरे लावायचा मोह होईल, लहान प्लॉटमध्ये लावूच नका, कोवळं असतानाच चट्टामट्टा करतात, त्याला तीन-चार एकर तरी पाहिजेत नाहीतर कुंपण.

आणि रस्त्याकडून आडोसा पाहिजे असेल तर एक धमाल सांगतो. इथे इजिप्शियन व्हीट नावाचं बी विकतात, दहा फूट उंच वाढतं, आडोशासाठी प्रसिद्ध. अप्पा दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आले होते, त्यांनी पान हातात घेतलं, कणसाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे हा कसला गहू, ही तर ज्वारी आहे!" आणि खरंच आहे, ती ज्वारीचीच उंच जात. थंडी पूर्ण गेल्यावर, मेच्या शेवटी-जूनमध्ये पेरायची, पाच-सहा फुटांचा पट्टा पुरतो.

माती

सॉइल टेस्ट करा. सॉइल टेस्ट करा. मी पहिल्या वर्षी केली नाही, महागडं क्लोव्हर, म्हणजे एक चाऱ्याचं पीक, फोकलं, उगवलं दोन इंच आणि पिवळं पडून बसलं. नंतर एमएसयू एक्स्टेन्शनकडे (मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा शेती सल्ला विभाग) माती पाठवली तर पीएच ५.२. ओक-पाइनखालची वाळू अशीच आंबट असते. क्लोव्हर आणि मुळा-शलगम वर्गाला ६ ते ७ च्या मध्ये पाहिजे, त्याखाली खत टाकून उपयोग नाही, पीक ते उचलतच नाही, म्हणजे पैसे मातीत.

उपाय चुना, तो पण शेतीचा चुना, रंगाचा नव्हे. किती ते रिपोर्ट सांगेल. समजा एकरी २ टन सांगितला तर १० गुंठ्यांना १००० पौंड, म्हणजे ४० पौंडांच्या २५ बॅगा, एवढं पाठीवर जातं, पोरगं बरोबर न्या. चुना काम करायला सहा-सहा महिने घेतो म्हणून आधीच्या शरदात टाकायचा. ज्याला तेवढी वाट बघायची नाही त्याने पहिल्या वर्षी आंबट मातीतही येणारं पीक घ्यावं, ते पुढे सांगतो.

काय पेरायचं

मला एकच नाव घ्यायला सांगितलं तर सिरियल राय. धान्याची राय, हिवाळी. वाळूत येते, पीएच ५ च्या वर असला की चालतं, थंडीत उगवते, बर्फ वितळला की सगळ्यात आधी हिरवी तीच. सावधान, दुकानात रायग्रास मागू नका, ते वेगळं गवत आहे, एकदा रानात घुसलं की काढता काढता नाकी नऊ येतात, नावाच्या सारखेपणामुळे निम्मे लोक इथे फसतात. एकरी १०० पौंड, म्हणजे १० गुंठ्यांना २५ पौंडांच्या आसपास, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यात ओट मिसळा, कोवळे ओट हरणाला फार आवडतात, आमच्याकडच्या थंडीत मरतात पण तोपर्यंत काम झालेलं असतं. त्याच्याबरोबरच क्लोव्हर फोकायचं, ते हळूहळू खाली वाढतं आणि पुढच्या वसंतात राय कापली की खालून क्लोव्हरचा गालिचा तयार. असा एकात एक गुंफलेला प्लॉट दोन-तीन वर्षं चालतो.

क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचं भावंड समजा. पांढरं क्लोव्हर एकदा बसलं की नीट ठेवलं तर तीन ते पाच वर्षं, एकरी ६ ते ८ पौंड बी बस झालं. बी बारीक असतं, पाव इंचाच्या खाली गेलं की उगवणार नाही. आणि द्विदल आहे म्हणजे मुळावर गाठी, म्हणजे रायझोबियमची (गाठीत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) बीजप्रक्रिया केलेलं बी घ्या, बहुतेक वेळा कोटिंग करूनच येतं, पिशवीवरची तारीख बघा. नत्र देऊ नका त्याला, दिलं तर गवतच माजतं.

ब्रासिका, म्हणजे शलगम, मुळा, रेप (मोहरीच्या जातीचं पीक), हे जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. इथे एक चूक सगळे करतात, बी जास्त टाकतात. एकरी ५ पौंड, १० गुंठ्यांना सव्वा पौंड, एवढंसं बी बघून हात थांबत नाही, मग रोपं दाटतात आणि पानं तळहाताएवढीसुद्धा होत नाहीत. यांना मात्र नत्र लागतं. कडक थंडी पडल्यावर हरणं यांना जास्त खातात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, काही रानांत तर हरणांना पहिली एक-दोन वर्षं हे खायचं असतं हेच कळत नाही, माझ्याकडे पहिल्या वर्षी शलगम तसेच सडले आणि फेब्रुवारीत असा वास सुटला की शेजाऱ्याने गॅस लीक समजून विचारलं. एकाच जागी सलग दोन वर्षांच्या वर घेऊ नका, रोग पडतो, बेवड बदला, क्लोव्हरवर ब्रासिका आणि ब्रासिकावर राय.

नवीन जमीन असेल तर जूनमध्ये बकव्हीट, आपला उपासाचा कुट्टू, एकरी ५० पौंड. झपाट्याने वाढून तण दाबतो, महिन्याभरात फुलतो, बी धरायच्या आत आडवा करा आणि त्यात सप्टेंबरची पेरणी.

पेरणी, ट्रॅक्टर नसला तरी

माझ्याकडे आजही ट्रॅक्टर नाही. गळ्यात अडकवायचा हाताने फिरवायचा स्प्रेडर, पाठीवरचा फवारणी पंप आणि भाड्याने आणलेला मोव्हर. पद्धत अशी, ऑगस्टच्या सुरुवातीला तणनाशक, लेबलवर लिहिलंय तेवढंच, दोन आठवडे थांबायचं, मग हवामान बघत बसायचं. पाऊस येतोय असं दिसलं की आदल्या दिवशी राय आणि क्लोव्हर उभ्या वाळक्या गवतातच फोकायचं आणि वरून गवत कापून टाकायचं. ते कापलेलं गवत म्हणजे पांघरूण, ओल धरतं, पक्ष्यांपासून बी वाचवतं. वाळूत तर नांगरण्यापेक्षा हे बरं, नांगरलं की ओल उडते आणि झोपलेलं तणाचं बी जागं होतं. ओट आणि मोठं बी मात्र या पद्धतीत तितकं नीट येत नाही, त्याला इंचभर माती पाहिजे.

ज्यांच्याकडे डिस्क किंवा टिलर आहे त्यांनी माती भुसभुशीत करून तशीच सोडू नका. बारीक बियाला घट्ट माती पाहिजे. पाय ठेवला तर बुटाचा ठसा अर्ध्या इंचापेक्षा खोल जाता कामा नये. रोलर नसेल तर एटीव्हीच्या (रानात फिरायची छोटी चारचाकी) चाकांनी दाबा. मी एकदा भर दुपारी कोरड्यात पेरून आलो होतो, फोनवर अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "वाफसा बघितलास का? तिथं काय अमेरिकेत वाफसा नसतो का?" असतो. तेव्हापासून माती मुठीत दाबून बघितल्याशिवाय पिशवी फोडत नाही.

क्लोव्हर विरळ झालं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं त्या दिवसांत नुसतं वरून फोकून द्या. जमीन फुगते-बसते आणि बी आपोआप आत ओढते. पूर्ण फुकटातलं काम, फक्त थंडीत बाहेर पडायची तयारी हवी. उन्हाळ्यात तण फुलायला लागलं की सहा इंचांवर कापा, पण ऐन कोरड्या उन्हात कापू नका.

पेरणीच्या दिवशीच एक तारेच्या जाळीचा गोल पिंजरा, तीन-चार फूट रुंद, प्लॉटमध्ये खुंट्या ठोकून उभा करा. आतलं पीक हरणाला मिळत नाही. महिन्याने आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर दिसलं की समजायचं हरणं खातायत, पीक वाईट नाही. हा पिंजरा नसताना मी एक वर्ष बियाण्याच्या कंपनीला शिव्या देत होतो, आणि रोज रात्री ते खाऊन जात होते.

आणि मग ऑक्टोबरमध्ये प्लॉट रिकामा

हे होतंच, घाबरू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओकची फळं पडायला लागतात, त्यात व्हाइट ओकची फळं कमी तुरट, ती पडायला लागली की हरणं तुमचा प्लॉटही विसरतात आणि शेजाऱ्याचा मकाही. त्या दिवसांत प्लॉटवर बसण्यात अर्थ नाही, झोपायची जागा आणि ओकच्या मधल्या वाटेवर बसा. फळं संपली, गारठा वाढला की परत हिरव्यावर येतात. आमचा धनुष्याचा सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि बंदुकीचा १५ ते ३० नोव्हेंबर, तर माझ्या प्लॉटचं खरं काम नोव्हेंबरमध्ये चालतं. (घरी मार्गशीर्ष लागला की मटण बंद, त्यामुळे तो लवकर लागला त्या वर्षी मला तसाही पहिलाच आठवडा मिळतो.)

बसण्यापेक्षा उठणं अवघड असतं हे कोणी सांगत नाही. अंधार पडला, प्लॉटमध्ये सात हरणं चरतायत आणि तुम्ही वर मचाणावर. खाली उतरलात की सगळी शेपट्या पांढऱ्या करून पळणार, आणि असं दोनदा झालं की ती उजेडात यायची बंद. म्हणून मी मित्राला फोनवर मेसेज करतो, तो पिकअप घेऊन हळूहळू प्लॉटपर्यंत येतो, गाडीला हरणं तेवढी घाबरत नाहीत, बाजूला सरकतात, मग मी उतरून गाडीत. आणि एका प्लॉटवर आठवड्यात एकदाच, फार तर दोनदा. रोज बसलात तर प्लॉटचं पण बेटसारखंच होतं, सगळं रात्रीवर जातं.

हरिण मिळालं तर डोकं तपासणीला द्या, गळ्यातल्या गाठींवरून सीडब्ल्यूडी कळतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस वेगळं, नाव-तारीख लिहून फ्रीजरमध्ये. माणसाला लागण झाल्याची खात्रीशीर केस आजवर नाही, पण पॉझिटिव्ह आलेलं मांस खाऊ नका असं सीडीसी (इथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) सांगते आणि मी ते ऐकतो.

जमिनीवर पैसे घालायचेच असतील तर बियाण्याच्या आधी एका चांगल्या चेनसॉवर घाला, खरं सांगतो. दाट झाडीत चार-दोन निकामी झाडं पाडून ऊन खाली आलं की आपोआप झुडपं, वेली, कोंब फुटतात, आणि व्हाइटटेलचं वर्षभराचं पोट खरं त्यावरच भरतं, प्लॉट म्हणजे लोणचं आहे. झाडं ओळखता येत नसतील तर फॉरेस्टरला बोलवा, व्हाइट ओक चुकून पाडलंत तर मला सांगू नका.

सीझन संपला की डिसेंबरात पिंजरा उचलायला जाता तेव्हाच खुरप्याने पाच-सहा ठिकाणची माती काढून सॉइल टेस्टच्या पाकिटात भरा. जमीन दगडासारखी गोठायच्या आत.